अक्काची ओळ

मंडळी, गेल्या महिन्यात घरच्या यादीचे काम माझ्या गळ्यात पडले. निवृत्त मास्तर म्हणजे रिकामा माणूस, हा आमच्याकडचा जुना समज! पुतण्याने वर्डमध्ये तक्ता करून दिला होता, वडिलांच्या वहीवरून जसाच्या तसा. आधी दादा, मग मी, मग धाकटा, आणि तिघांच्या खाली अक्का व माई. अक्काचा जन्म १९४३ चा, आम्हा पाचांत ती सगळ्यांत मोठी. पण वहीत चौथी.

तक्त्यातली ओळ हलवायची तर मी ती कापून दुसरीकडे चिकटवत असे. एकदा मध्येच फोन आला, मी भलतेच काहीतरी कॉपी केले आणि कापलेली ओळ गेली ती गेलीच. यावेळी नातीने सोपी युक्ती दाखवली. कर्सर त्या ओळीत ठेवायचा, आल्ट आणि शिफ्ट दाबून धरायचे आणि वरचा बाण दाबायचा. ओळ एक घर वर चढते, वरची खाली उतरते. तीनदा दाबले, अक्का पहिली! माईला एकदाच वर न्यावे लागले, धाकट्याच्या आधी.

पुतण्या म्हणाला, "काका, सॉर्ट करा की, एका क्लिकचं काम."

नावांवर सॉर्ट मला नको. लग्न झालेल्या मुली आडनावांप्रमाणे चार दिशांना जातात. शिवाय आपला 'ळ' वर्णमालेत 'ह' नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो 'ल' च्या शेजारी बसवलाय. 'क्ष' ला तर तिथे स्वतंत्र घरच नाही, तो 'क' च्या पोटात. जन्मसालावर सॉर्ट केले तर आमच्या पिढीचा क्रम बरोबर येतो, हे मान्य. पण वरच्या पिढीचे काय? वहीत वडिलांचे आणि काकांचे साल आहे, १९१५ आणि १९२१. आत्यापुढे रिकामा चौकोन! सॉर्ट केले की रिकामे चौकोन एका टोकाला जाऊन बसतात. आत्या मानमोडीच्या साथीत जन्मली असे आजी सांगायची, म्हणजे १९१८. तिची जागा दोघा भावांच्या मध्ये. हे यंत्राला कोण सांगणार?

म्हणून माझे स्पष्ट मत, घरची यादी हाताने लावावी आणि वयाने लावावी. मुलगे आधी, मुली नंतर हा क्रम कोणी ठरवला ते वडिलांनी विचारले नाही. मी तरी कुठे विचारले? चौतीस वर्षे हजेरीपट लिहिला. मुलांची नावे संपली की एक ओळ सोडून मुलींची नावे. वर्गात पहिली आलेली मुलगीसुद्धा पटावर एकतिसावी, बत्तिसावी. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देशाच्या कायद्याने २००५ साली दिला. वहीतली ओळ बदलायला तर कायदाही लागत नव्हता.

अक्काला फोन केला. ती म्हणाली, "अरे, मी वर कशाला? दादाला काय वाटेल?" ब्याऐंशी वर्षांची बाई हो!

दादाला काहीच वाटले नाही. त्याने फक्त आपला फोन नंबर चुकलाय एवढे कळवले.

असो. यादी सर्वांना मेल केली आहे. नंबर, पत्ते तपासून कळवावेत. क्रम बदला असे मात्र कोणी कळवू नये.