सायकलवाल्यांना हाकलण्याआधी आपली पाणंद बघा



आजची नोंद पिकाची नाही. हरभरा निघाला, तुरीची रास घरात आली, रान रिकामं पडलंय. म्हणून आज भांडणाचं लिहितो. ज्याला राग येईल त्यानं खाली बिनधास्त लिहावं, मी उत्तर देईन.

मागच्या रविवारी आमच्या माळावर लातूरची चार पोरं सायकली घेऊन आली. जाड टायरच्या सायकली, पुढच्या चाकाला शॉकप. शेरडांच्या वाटेनं वर चढली आणि पलीकडं घरणीच्या अंगाला ओढ्याच्या घळीत उतरली. तासाभरानं घामाघूम होऊन परत आली तर आपल्यातल्या तिघा-चौघांनी अडवली. "काय करूलालाव इथं? डोंगुर उकरूलालाव काय?" पोरं बिचारी "काका, सॉरी" म्हणत निघून गेली. रात्री गावाच्या ग्रुपवर मेसेज फिरला की सायकलवाल्यांमुळं डोंगराची माती धुपूलालीय, पुढच्या वेळेला हवा सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन त्यांची वाट चालून बघितली. बहुतेक ठिकाणी चाकाची नुसती रेघ होती. दोन वळणांवर मात्र ब्रेक दाबून घसरल्यानं मुरूम सरकला होता, ते खोटं बोलणार नाही. एका ठिकाणी त्यांनी समतल चराच्या भरावावरून सायकल नेली होती. ते चुकलंच, आणि ते त्यांना सांगायला पाहिजे.

तिथून तसाच खाली आपल्या पाणंदीवर आलो. तीच, जेसीबीनं माळाच्या डोक्यावरून नाकासमोर सरळ खाली पाडलेली. मधोमध चर पडलाय, एका जागी माझ्या कमरेएवढा. दोन पावसाळ्यांत. याच चरात माझी सोयाबीनची ट्रॉली कलंडली होती, नऊ कट्टे चिखलात गेले. काम कुणी केलं, बिल कुणी काढलं ते इथं लिहीत नाही. पण पाणंद पाडताना आपणच सगळे कडेला उभं राहून "अजून सरळ घ्या, जवळ पडंल" म्हणत होतो. मी पण होतो त्यात.

आता सांगा, डोंगर कुणी उकरला?

याच माळावर दुसरी एक वाट आहे. १९७२ च्या दुष्काळात, रोजगार हमीच्या कामावर आमच्या वडलांच्या पिढीनं टिकाव-फावड्यानं काढलेली. ती डोंगराला वळसा घालत, हळूहळू चढत जाते. लांब पडते म्हणून आपण सोडून दिली. पन्नास वर्षं झाली, बाभळी माजल्या, पण वाट जागेवर आहे. कुठं चर नाही. त्या पोरांनी चढायला हीच वाट धरली होती. त्यांला कुणी दाखवली नव्हती, चाकाला जी सोपी पडली ती त्यांनी घेतली.

यात जादू काही नाही. कृषी सहायक समतल चर आखताना जे सांगतो तेच आहे. पाणी उताराला सरळ धावलं की वेग घेतं, आणि वेग दुप्पट झाला की माती वाहून न्यायची ताकद दुप्पट न राहता कैक पटीनं वाढते. वाट सरळ उतारावर पाडली तर तीच नाला होते. वाट आडवी, वळसा घालून काढली आणि तिची खालची बाजू जराशी कललेली ठेवली, तर पाणी वाट ओलांडून पसरत खाली जातं. वाटेवर जमत नाही, वेगही घेत नाही.

मजा अशी की डोंगरी सायकलीच्या वाटा बांधणारे हेच नियम पाळतात. त्यांचा पहिला नियम, वाटेचा उतार हा डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. डोंगर शंभर फुटाला वीस फूट उतरत असेल तर वाट शंभर फुटाला दहा फुटांच्या आतच. दुसरा, एकूण वाटेचा सरासरी उतार दहा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. तिसरा, उतरत्या वाटेला ठराविक अंतरावर थोडा उलटा चढ द्यायचा, म्हणजे तिथं पाणी आपोआप बाहेर पडतं. आपल्या पाणंदीला यातला एक तरी नियम लागू आहे का? शेतीवाले आपण, आणि पाण्याची रीत शहरातल्या हौशी माणसाकडून शिकायची पाळी आली.

कुणी म्हणंल चाकानं जास्त धूप होते. अमेरिकेत मोंटाना राज्यात याचीच तपासणी झाली होती, १९९४ साली छापून आली. पायी माणूस, घोडा, सायकल, मोटारसायकल, सगळे त्याच वाटांवर चालवून किती माती सुटते ते मोजलं. घोड्यांनी आणि पायी चालणाऱ्यांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली. आता मोंटानाची माती आणि आपला मुरूम एक नाही, हे कबूल. पण आपली दोनशे शेरडं-मेंढरं रोज त्या माळावर जातात आणि आपण रविवारच्या चार सायकली मोजत बसतो, याला काय म्हणावं?

ही सायकलच मुळात आडरानातली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात काही पोरं जुन्या जड सायकली घेऊन डोंगरावरच्या कच्च्या रस्त्यानं खाली सुटायची. १९७६ पासून त्यांनी शर्यत सुरू केली. एका उतरणीत मागच्या चाकातल्या ब्रेकाचं वंगण जळून धूर व्हायचं, दर खेपेला नवीन भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. ज्यांनी बैलगाडीचा आख वंगणला आहे त्यांना ही पोरं परकी वाटायची नाहीत. इंग्लंडात १९६८ च्या कायद्यानं घोड्यांच्या जुन्या वाटांवर सायकलीला हक्क दिला, पण पायी माणसाला आणि घोड्याला आधी वाट द्यायची ही अट घालून. अट चांगली आहे. आपल्याकडं घोड्याच्या जागी बैल आणि शेळी धरा.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांकडं येतो, कारण त्यांचा मला जास्त धोका वाटतो. ग्रुपवरच एकानं लिहिलं, "हाकलू नका, धंदा करा. गायरानात ट्रॅक पाडू, गेट लावू, तिकीट ठेवू, दोन दिवस जेसीबी लावला की काम फत्ते." झालं. म्हणजे एका पाणंदीनं पोट भरलं नाही. वर मुरूम, त्यावर वीतभर माती, तीत कुसळी गवत, आणि ते गवत म्हणजे उन्हाळ्यातला आपल्या जनावरांचा आधार. तिथं बकेट घातलं की ती वीतभर माती पहिल्या वळवात घरणीच्या धरणात. ज्या जिल्ह्याला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यानं आपल्या हातानं तलावात गाळ भरायचा? आणि तिकिटाचे पैसे कुणाच्या खिशात, हे तर विचारूच नका.

आणि बघायला तरी काय आहे म्हणून तिकीट? सौताड्यासारखी दरी आपल्याकडं नाही. तिथं विंचरणा नदी कड्यावरून कोसळते. मांजरा ज्या पाटोदा तालुक्यात उगवते त्याच तालुक्यात. आपल्याकडं आहे बालाघाटाचं उतरतं शेपूट, माळ, बोडखी टेकाडं आणि पाण्यानं कापलेल्या घळी. जे आहे ते तसंच ठेवलं तर येणारे येतील.

माझं म्हणणं असं. बहात्तरची वाट मोकळी करायची. जेसीबी नको, कोयता-कुऱ्हाड आणि फावडं. दहा-बारा माणसांचं चार-पाच दिवसांचं काम. बाभळी तोडायच्या, पाणी बाहेर काढायच्या जागा उघडायच्या. त्या वाटेनं शेरडं जातील, वैरणीच्या मोळ्या येतील, सायकली पण जातील. पाणंद वेगळी गोष्ट आहे, तिथं ट्रॅक्टर जायलाच पाहिजे, पण ती पण दोन वळणं घेऊन नव्यानं आखा. वळणाला ज्याची जमीन लागते तो अडवणार, मला माहीत आहे. तहसीलदारापुढं मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५ आहे, ते अडवलेल्या वाटेसाठी. पण नवीन वळण समजुतीनंच मिळंल. माझ्या बांधाकडचे सहा फूट मी देतो, लिहून घ्या.

सायकलवाल्यांना पण ऐकवायचं आहे, पोरांनो हे वाचत असाल तर. पाऊस झाल्यावर येऊ नका. काळ्या रानात चाकाला चिखलाचा गोळा होतो, सायकल खांद्यावर घेऊन जावी लागंल, आणि तुमच्या खुणा रब्बीपर्यंत राहतील. चराच्या भरावावर, बांधावर चाक नको. रानडुकरासाठी कुंपणाला झटका मशीन असतं, तारेला हात लावू नका. सगळ्यात महत्त्वाचं, आमच्या इकडं कठडा नसलेल्या विहिरी आहेत, गवतात दिसत नाहीत. अंधार पडायच्या आत खाली उतरा. आणि येण्याआधी गावात कुणाला तरी सांगा, निदान कोण पडलं, कुठं पडलं हे कळंल.

त्या विहिरींना काट्याचं कुंपण घालणं हे मात्र आपलं काम. दोन माझ्याच शिवेला आहेत.

१ मे ला ग्रामसभा आहे. मी गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी मागून ठेवली आहे. सभा संपली की दहा वाजता माळावर जाऊ, जुन्या वाटेचा उतार मोजू, मग पाणंदीचा मोजू. ज्यानं हवा सोडायचा मेसेज टाकला त्यानं नळीचं दुसरं टोक धरावं. येताना टोपी आणि पाणी घेऊन या, ऊन लई राहील.