मानसशास्त्राच्या पदवीचा भाव

विद्येचा भाव करूं नये, असें म्हणण्याची आमच्या शिष्ट वर्गाला मोठी हौस आहे. मुलीनें बी.ए.ला मानसशास्त्र घ्यावयाचें ठरविलें आणि बापानें "पुढें मिळेल काय?" असें विचारलें, कीं हा वर्ग त्याला व्यापारी वृत्तीचा ठरवून मोकळा होतो. आमचें मत उलट आहे. प्रश्न रास्त आहे. तो विचारला जातो उशिरां, आणि विचारला जातो भलत्या माणसाला.

कोणत्या घरांत हा प्रश्न निघतो तें आधीं पाहावें. भाईंदर पूर्वेचें नवघर हें एके काळीं मिठागरांच्या शेजारचें गांव. आज तें मीरा-भाईंदर महानगरपालिकेंत मोडतें, आणि तेथील सकाळ चर्चगेटच्या लोकलच्या वेळापत्रकावर चालते. मुंबईंत जागा परवडेना म्हणून आलेलीं, सदनिकेचे हप्ते फेडणारीं कुटुंबें येथें पुष्कळ. वडिलोपार्जित घराच्या ओसरीवर बसून ज्ञानासाठीं ज्ञानाचा महिमा गाणें सोपें आहे. हप्त्याच्या तारखेला तो सूर लागत नाहीं.

तेव्हां हिशेबच मांडूं. मानसशास्त्राची तीन वर्षांची पदवी उपचाराचा परवाना म्हणून शून्य किमतीची आहे. हें आमचें मत नव्हे, कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक अधिनियमाची व्याख्या वाचावी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेनें मान्य केलेल्या संस्थेची त्या विषयांतील अर्हता असलेला, किंवा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीवर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. करून देखरेखीखालीं रुग्णांसमवेत काम शिकलेला. या दुसऱ्या वाटेचीं वर्षें मोजलीं तर तीन, दोन आणि दोन अशीं सात भरतात. त्यांतही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनीं एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली, आणि या विषयापुरती तिला मुदतवाढ देण्याची पाळी आली. मुलगी अर्ध्या वाटेवर असतां पुढील पुलाचाच नकाशा बदलतो!

या सात वर्षांतील खरा खर्च फीचा नव्हे. शेजारची वाणिज्य शाखेची मुलगी तीन वर्षांनीं नोकरीस लागली आणि तिला महिना २० हजार मिळूं लागले असें धरून चाला. उरलेल्या चार वर्षांचे ९ लाख ६० हजार रुपये होतात. एवढी रक्कम मानसशास्त्रवाल्या मुलीनें मिळविलेली नसते. शिवाय पुढील शिक्षणाची फी आणि रेल्वेचा पास निराळा. मुलाच्या इंजिनियरिंगसाठीं याहून मोठें कर्ज काढतांना बापाचा हात थरथरत नाहीं, हेंही येथें नमूद करून ठेवतों.

मग ही पदवी टाकाऊ आहे काय? मुळींच नाहीं. इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या बी.ए.ला जी दारें उघडतात तीं हिलाही उघडतात: कचेऱ्यांतील कर्मचारी विभाग, स्पर्धापरीक्षा, बी.एड. करून शिक्षकी. आकड्यांचें कोष्टक वाचणें, प्रश्नावली तयार करणें, स्वतःच्या ग्रहावर संशय घेणें, हें ज्या विद्यार्थिनीनें नीट शिकून घेतलें ती कोठेंही उपयोगी पडेल. परंतु हा सामान्य पदवीधराचा भाव झाला. तो उपचारकाचा भाव म्हणून सांगणें ही फसवणूक आहे. आणि कांहीं रविवारांच्या वर्गांत "समुपदेशक" घडवून देणारे या फसवणुकीवरच गब्बर होत आहेत. पदवीनें न दिलेला अधिकार प्रमाणपत्र देईल, या आशेनें मुली दुसऱ्यांदा पैसे भरतात.

"देशाला मानसतज्ज्ञांची केवढी गरज आहे!" असा प्रतिवाद होतो. गरज आहेच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणांत, उपचारांवांचून राहिलेल्या रुग्णांचें प्रमाण बहुतेक विकारांत ७० ते ९२ टक्के आढळलें. पण गरज पगार देत नाहीं, मंजूर झालेली जागा पगार देते. सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें आदेश दिला कीं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनें निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. हा आदेश नवघरच्या शाळांनाही लागू आहे. तेथील नेमणूक पूर्ण वेतनाची होते, आठवड्याच्या एका दुपारची होते, कीं वर्गशिक्षिकेच्याच गळ्यांत ती माळ पडते, यावर या विद्येचा भाव ठरावयाचा आहे. तो मुलीच्या हुशारीवर ठरत नाहीं.

म्हणून बापानें आपला प्रश्न घरांत न विचारतां प्रवेशाच्या खिडकीवर विचारावा. या पदवीनें उपचाराचा अधिकार मिळत नाहीं, आणि तो हवा असल्यास पुढें किती वर्षें लागतात, हें महाविद्यालयानें छापून द्यावें अशी मागणी त्यानें करावी. माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर इमारतीचें रंगीत चित्र असतें. त्याखालीं दोन ओळींची जागा सहज निघेल.