चांगलं कॉलेज कोणतं? कोणासाठी, ते आधी सांगा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्यासारख्या शिक्षकांचे फोन सुरू होतात. कुणी माजी विद्यार्थी असतो, कुणी विद्यार्थिनीचे अब्बू, कुणी दूरच्या नात्यातली खाला. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: "मॅडम, चांगलं कॉलेज कोणतं?" मी उलट विचारते, "कोणासाठी?" मग समोरून थोडा वेळ काहीच उत्तर येत नाही. कारण हा प्रश्न कोणत्या मुलासाठी आहे, त्याला काय आवडतं, काय झेपतं, घरची परिस्थिती कशी आहे, याचा विचार झालेलाच नसतो. चप्पल घेताना आपण पायाचं माप देतो. कॉलेज घेताना मात्र शेजाऱ्याच्या मुलाचं माप देतो.

बीड जिल्ह्यातल्या आपल्या घरांमध्ये कॉलेज निवडण्याच्या दोनच रीती मी पाहत आले आहे. मुलगा असेल तर नाव बघायचं आणि मुलगी असेल तर अंतर बघायचं. मुलाला लातूरला किंवा औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) पाठवायचं, कारण मोहल्ल्यातला अमुक तिथून डॉक्टर झाला. मुलीला घराजवळच्या कॉलेजात टाकायचं, तिथं जी शाखा असेल ती घ्यायची आणि जवळ कॉलेज नसेल तर शिक्षण बंद करायचं. या दोन्ही रीतींमध्ये मुलाला किंवा मुलीला काही विचारलं जात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या मुलासाठी योग्य कॉलेज तेच, जिथं तो रोज पोचू शकेल, शिकवलेलं त्याला समजेल आणि शेवटच्या वर्षापर्यंत तो टिकेल. नाव, इमारत, फलक हे सगळं त्यानंतर.

सुरुवात भाषेपासून करते, कारण माझं रोजचं काम तेच आहे. उर्दू माध्यमातून दहावी झालेलं मूल अकरावी सायन्सला गेलं की पहिल्याच आठवड्यात अडखळतं. दहा वर्षं ज्याला त्यानं 'खलिया' म्हटलं, ते एकदम 'सेल' होतं. 'इसरा'चं 'ॲक्सिलरेशन' होतं. शेजारी बसलेल्या मराठी माध्यमाच्या मुलाचीही 'पेशी' आणि 'त्वरण' सुटलेलं असतं, पण निदान वर्गात सर मधूनमधून मराठीत समजावतात, ते त्याच्या कानावरचं असतं. आपलं मूल दोन्हीकडून अडकतं. ते हुशार नसतं असं नाही, त्याला शब्द सापडत नाहीत. दिवाळीपर्यंत ते वर्गात हात वर करणं सोडून देतं, आणि घरचे म्हणतात, "सायन्स इसके बस का नहीं."

अशा मुलासाठी कॉलेज बघताना निकालाची टक्केवारी विचारण्याआधी हे विचारायला हवं की पहिले तीन-चार महिने त्याला त्याच्या बोलीत समजावून देणारे कुणी शिक्षक तिथं आहेत का. वर्गात साठ-सत्तर मुलं प्रत्यक्ष बसतात, की सगळी क्लासला जातात आणि कॉलेजात नुसती हजेरी लागते? प्रॅक्टिकल होतात की जर्नल उतरवून घेतात? नीटची परीक्षा २०१८ पासून उर्दूतही देता येते, हे बऱ्याच पालकांना माहीत असतं आणि त्याचा त्यांना मोठा आधार वाटतो. पण परीक्षा उर्दूत असली तरी पुढचं बहुतेक वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतच आहे. म्हणून अकरावी-बारावीची दोन वर्षं इंग्रजीशी ओळख करून देणारं कॉलेज त्या मुलाला जास्त उपयोगी पडतं, मग त्याचं नाव जिल्ह्याबाहेर कुणी ऐकलेलं नसलं तरी चालेल.

आता मुलींचं. "घराजवळ पाहिजे" म्हणणाऱ्या पालकांना मागासलेले म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. गावाहून येणाऱ्या मुलीची शेवटची एसटी किती वाजता सुटते, स्टँडवर अंधार असतो का, कॉलेजात मुलींसाठी स्वच्छ आणि कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का, ही विचारपूस म्हणजेच कॉलेजची निवड. पण ती करून मार्ग काढायचा असतो, दार बंद करायचं नसतं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. कॉलेजची वेळ आणि एसटीची वेळ जुळत नसेल तर दुपारी सुटणारं कॉलेज बघा. गावातल्या चार मुली मिळून एकाच कॉलेजात प्रवेश घ्या, म्हणजे जाणं-येणं सोबतीनं होईल. वसतिगृह असेल तर आईनं स्वतः जाऊन खोली बघावी, रेक्टरबाईंशी बोलावं. एवढं करूनही मन राजी नसेल तर गोष्ट वेगळी. पण माझा अनुभव असा की 'दूर आहे' म्हणणाऱ्या दहांपैकी बहुतेकांनी ते कॉलेज पाहिलेलंच नसतं.

पैशाचं कारणही आता तपासून घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आपल्यातली बागवान, तांबोळी, मोमीन अशी कितीतरी घरं ओबीसीत येतात, पण दाखला काढलेला नसतो. जे ओबीसीत येत नाहीत त्यांना ईडब्ल्यूएसचा दाखला मिळू शकतो. मात्र ही सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ती गेली. शिवाय माफी फीची आहे, खोलीभाड्याची आणि मेसची नाही. म्हणजे एकाच मुलीला दोन कॉलेजं सारखीच 'फुकट' दिसतात, पण त्यातलं एक घरून जाण्यासारखं असेल आणि दुसरीकडे खोली करून राहावं लागणार असेल, तर हिशेब पूर्ण बदलतो. हा हिशेब जूनमध्ये कागदावर मांडा, दिवाळीत नको.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गरज आहे जी इतरत्र कुणाच्या लक्षात येणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलाचे आई-वडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या मुलासाठी कॉलेजपेक्षा वसतिगृह आधी. त्याला घरी भाकरी करून घालणारं कुणी नाही, धाकटी भावंडं त्याच्याच गळ्यात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनानं २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना काढली आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. जिथं राहायची सोय झाली, तिथलं साधं कॉलेज त्या मुलासाठी उत्तम कॉलेज आहे.

काहींना माझं पुढचं म्हणणं रुचणार नाही, तरी लिहिते. आपल्याकडे दोन टोकं आहेत. काही जण म्हणतात, आपल्याच संस्थेत घालू, तिथं दीन आणि तहजीब सांभाळली जाते. काही जण म्हणतात, आपल्या संस्थेत कशाला, तिथं दर्जा नसतो. दोन्ही मतं आत पाय न ठेवता बनवलेली आहेत. अल्पसंख्याक संस्थांचं मोल मी जाणते. डॉ. रफिक झकेरिया यांनी १९६३ मध्ये औरंगाबादला मौलाना आझाद कॉलेज सुरू केलं नसतं, तर मराठवाड्यातली कितीतरी मुस्लिम मुलं पदवीपर्यंत पोचलीच नसती. त्याच्या तेरा वर्षं आधी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं त्याच शहरात कॉलेज उघडलं, ते पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. ज्यांच्यासाठी दारं बंद होती त्यांच्यासाठी ही दारं उघडली गेली, आणि आत मात्र सगळेच आले. आज बीडमध्ये मिल्लियाही आहे आणि बलभीमही आहे. कुठलं घ्यायचं हे फलकावरच्या नावावरून ठरवू नका. जो विषय घ्यायचा आहे त्याचे प्राध्यापक नेमलेले आहेत की तासिका तत्त्वावर भागवलं जातं, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं, तीन वर्षांपूर्वी शिकून गेलेली मुलं आज काय करतात, हे विचारा. मुलगी डोक्यावर ओढणी किंवा हिजाब घेत असेल तर गणवेशाचा नियमही आधीच विचारून घ्या. २०२४ मध्ये मुंबईतल्या एका कॉलेजच्या अशा बंदीचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि कोर्टानं त्या परिपत्रकाला काही अंशी स्थगिती दिली. प्रवेशानंतर भांडण्यापेक्षा प्रवेशाआधी विचारणं केव्हाही बरं.

मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान 'नावा'नं केलं आहे. नीटसाठी एक वर्ष, मग रिपीटचं दुसरं, मग तिसरं. अब्बू रिक्षा चालवतात किंवा गॅरेज, आणि क्लास-खोली-मेसचं कर्ज वाढत जातं. मुलाला कधी विचारलेलंच नसतं की त्याला डॉक्टर व्हायचं आहे का. त्याला मोटार खोलून जोडण्यात गोडी असेल, तर बीडला आणि अंबाजोगाईला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ज्याला खरंच वैद्यकीय क्षेत्रात जायचं आहे त्यानं जरूर जावं. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर आपल्याच अंबाजोगाईत आहे. पण तीन वर्षं फक्त प्रतीक्षेत घालवलेल्या मुलाची उमेद परत आणणं किती कठीण असतं, हे आम्ही शिक्षक पाहतो.

एजंटांपासून सावध राहा. "नर्सिंगला जागा करून देतो, फार्मसीला करून देतो, ओरिजिनल कागद द्या" असं म्हणणारे या दिवसांत फिरत असतात. कागदपत्रं पडताळून लगेच परत करावीत, मूळ कागद अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीनं २०१८ मध्येच उच्च शिक्षण संस्थांना बजावलं आहे. मग एजंटाच्या पिशवीत आपल्या मुलीची मार्कलिस्ट कशाला? नर्सिंगसाठी परिषदेची, फार्मसीसाठी फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत दिसतं.

आणि अर्ज स्वतः भरा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. कॉलेजांचा पसंतीक्रम द्यावा लागतो, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावं लागतं. इतका महत्त्वाचा क्रम आपण ऑनलाइन सेंटरवाल्याला "जो अच्छा लगे वो डाल दो" म्हणून सोडून देतो. त्याच्या दुकानात रांग असते, तो वरून खाली नावं टाकत जातो. बटण त्यानं दाबावं, पण क्रम घरी ठरलेला असावा. मुलानं वहीच्या पानावर लिहिलेला आणि आई-वडिलांनी वाचलेला.

त्याआधी एक काम करा. निकाल आणि अर्ज यांच्या मधल्या दिवसांत, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, मुलाला किंवा मुलीला घेऊन त्या कॉलेजात जा. मोटारसायकलवर नको, ती रोज जाईल त्याच एसटीनं जा. वर्गांसमोरून चाला, प्रयोगशाळेत डोकवा, आवारात दिसणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोला, परतीची गाडी किती वाजता मिळते ते बघा. एक दिवसाची मजुरी बुडेल, दुकान अर्धा दिवस बंद राहील. घरी आल्यावर मुलाला विचारा, "तुला काय वाटलं?" आणि त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.