वाण थकला की बेणे आजारी?

गटात फिरताना सभासद बंधूंच्या तोंडी हल्ली एकच वाक्य असते, "साहेब, ८६०३२ आता थकला, दुसरी जात द्या." आमचे मत वेगळे आहे. १९९६ साली प्रसारित झालेला हा वाण म्हणजे काही बैल नव्हे, वय झाले म्हणून थकायला. शेजारच्या फडातले बेणे आपण आणतो, त्याने ते तिसऱ्याकडून आणलेले असते. या फेऱ्यात बेण्याबरोबर रोगही गावभर फिरतो.

त्यातला सर्वात लबाड रोग म्हणजे खोडव्याची वाढ खुंटवणारा 'रॅटून स्टंटिंग'. १९४४-४५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये तो क्यू २८ या जातीवर प्रथम ध्यानात आला. पुढे कित्येक वर्षे तो विषाणूचा रोग समजत. १९७३ साली कळले, की हा जिवाणू आहे. उसात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत तो राहतो व त्या तुंबवतो. लाल कुजीसारखा ऊस वाळत नाही, पानावर ठिपका नाही. फक्त कांड्या आखूड, ऊस बारीक, आणि खोडवा लावणीपेक्षा जास्त मार खातो. पाणी भरपूर असले की एवढेही दिसत नाही. पाळी लांबली की फरक उघडा पडतो.

मग ओळखायचा कसा? पक्व उसाचा बुडखा घ्या, धारदार सुरीने उभा चिरा आणि पेऱ्याचा खालचा भाग बघा. तिथे नारिंगी-तांबूस टिंबे किंवा स्वल्पविरामासारख्या बारीक रेघा दिसल्या, तर संशय घ्यावा. लाली कांडीत पसरलेली असून मध्ये पांढरे आडवे पट्टे असतील व आंबूस वास येत असेल, तर ती लाल कूज. मात्र टिंबे नाहीत म्हणून ऊस निरोगी, असे समजू नये. काही जातींत ती उमटतच नाहीत. खात्री प्रयोगशाळेतच होते. आणि खत-पाण्याची हयगय झालेल्या प्लॉटचे खापरही या रोगावर फोडू नये!

लागण झालेल्या उसावर फवारणीचे औषध नाही. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास, किंवा ५० अंशांच्या गरम पाण्यात दोन तास ठेवतात. त्यातून पायाभूत व पुढे प्रमाणित बेणे होते. या बेण्याला चार पैसे जास्त पडतात, ही तक्रार आम्हाला मान्य आहे. पण ते बेणे लावणीबरोबर खोडव्यालाही पुरते, हा हिशेब कोणी मांडत नाही. तीन-चार वर्षांनी बेणे बदललेच पाहिजे.

एवढे करून कोयत्याकडे दुर्लक्ष केले तर सगळे पाण्यात. रोगट उसाचा रस पात्याला लागतो व पुढच्या निरोगी उसात जातो. गाळपाच्या तोडणीत टोळीने दर वेळी कोयता धुवावा, हे सांगणे सोपे, होणे कठीण. निदान बेणे तोडताना तरी दोन कोयते ठेवावेत: एक हातात, दुसरा लायझॉलच्या ५ टक्के द्रावणात बुडवलेला. सरी बदलली की कोयता बदलावा.

बेणेमळ्यातील बेण्याची मागणी लावणीपूर्वी गट कार्यालयात नोंदवावी. संशयित उसाचे बुडखे तिथे आणून दिल्यास आम्ही चिरून दाखवू.

— ऊस विकास अधिकारी