देव पुरवील, पण विहीर आपण खणायची

मंडळी, 'देव पुरवील' हे शब्द आम्हा ख्रिस्ती माणसांच्या तोंडी अगदी सहज येतात. रविवारी उपासनेत डोळे मिटून म्हणतो आणि सोमवारी पुन्हा पोराच्या नोकरीची काळजी करत बसतो. काहीजण तर त्याच शब्दांच्या आधारे हातावर हात ठेवून बसतात. मला दोन्ही पटत नाही.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली, विधवा आणल्या. पुढे केडगावला त्यांचा संसार उभा केला. बाई तासन्‌तास प्रार्थना करीत, पण विहिरीही खणून घेत. शेती, विणकाम, छपाई, सगळे मुलींना शिकवले. प्रार्थना आणि कुदळ त्यांना वेगळी वाटलीच नाही.

१९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या.

माझी पत्नी गेली तेव्हा 'देव पुरवील' हे शब्द माझ्या घशातच अडकत. मागितले होते तिचे आयुष्य, ते मिळाले नव्हते. तेव्हा मनोरमेनंतरच्या रमाबाई आठवत. विश्वास म्हणजे दुःख टळण्याची हमी नव्हे. रिकाम्या घरातही सकाळी उठून आपल्या वाट्याचे काम हाती घेता येते, ते बळ हाच त्याचा पुरवठा. मनापासूनची उपासना तिथेच सुरू होते, असे मला वाटते.

तुम्हांला काय वाटते?