पुण्याची गाडी, परंड्याचं पार्किंग

"गाडी घ्यायलीस म्हणं?"

अण्णांचा फोन. 'जेवलीस का' नाही, 'पाऊस आहे का तिकडं' नाही, डायरेक्ट गाडी. मी फक्त आत्याच्या मुलाला सहज विचारलं होतं, 'सेकंडहँडमध्ये कुठली चांगली रे?' बास! दुसऱ्या दिवशी बातमी परंडा तालुक्यात हजर. आमच्या गावात मोबाइलला रेंज नसते, बातमीला मात्र फुल्ल रेंज असते.

"घेतली नाही अजून अण्णा. विचार करतेय."

"मग नीट कर," एवढं बोलून त्यांनी फोन आईकडे दिला.

तर मंडळी, हा तो नीट केलेला विचार. तुमच्यापैकी अर्धे जण सध्या याच चक्रात असणार, मला माहितीये. वय सत्तावीस-अठ्ठावीस, पुण्यात भाड्याचा वन बीएचके, खाली स्कूटी, आणि सिग्नलला शेजारच्या कारमधला एसी बघून मनात येणारं 'आपण कधी?' नवी गाडी बजेटबाहेर. मग नजर वळते जुन्या गाड्यांकडे. 'सिंगल ओनर, लेडी ड्रिव्हन, डॉक्टरांची गाडी.' पुण्यात विकायला निघालेल्या जुन्या गाड्या बघितल्या, तर वाटतं या शहरात डॉक्टर सोडून कुणी गाडीच चालवत नाही.

मास कॉमला आम्हाला हेडिंग कसं द्यायचं ते शिकवलं, बोनेट कसं उघडायचं ते नाही. पण पत्रकाराची एक सवय कामी आली, डायरी. तीन महिने रिक्षा आणि कॅबचा सगळा खर्च लिहून ठेवला. सरासरी महिना एकोणीसशे रुपये. मग गाडीचा हिशेब मांडला. साडेतीन लाखांची गाडी घेतली तर तिची किंमत वर्षाला चाळीस हजारांनी तरी उतरणार, इन्शुरन्स नऊ हजार, सर्व्हिसिंग दहा, सोसायटीचं पार्किंग बारा. झाले एक्काहत्तर हजार, म्हणजे पेट्रोलचा थेंबही न टाकता महिन्याला सहा हजारांच्या घरात. आणि गाडी उभी किती दिवस? महिन्यातले सव्वीस! गावी जायचं म्हटलं, तर मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना लालपरीत अर्धं तिकीट. शहरातल्या शहरात फिरायला २०२२ पासून मेट्रो आहे, स्कूटी तर आहेच.

थोडक्यात, पुण्याचं गणित स्वच्छ सांगत होतं, घेऊ नकोस.

अडीच वाजताचा कॉलम

मग विचार करत का बसले? कारण फेब्रुवारी २०२४ मधली एक रात्र.

अडीच वाजता अण्णांच्या छातीत कळ आली. आमच्या गावात मुक्कामी एसटी संध्याकाळी सातला येते आणि सकाळी सहाला निघते. मधले अकरा तास गाव आपल्या जागी असतं आणि जग आपल्या जागी. शेवटी शेजारच्यांनी दुधाचा पिकअप काढला. अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी आणि आई मागे रिकाम्या कॅनना धरून. तसेच बार्शीला पोचले. परंड्याच्या लोकांचं दवाखान्याचं गाव बार्शीच, जिल्हा वेगळा असला तरी. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." स्टेंट पडला, अण्णा सुखरूप घरी आले. मला हे सगळं कळलं सकाळी साडेसहाला. पोरगी पुण्यात आहे, झोपू द्या, म्हणून आईने फोनच केला नव्हता.

तेव्हापासून बार्शीच्या फेऱ्या सुरू. गेल्या वर्षी चौदा झाल्या, भाड्याची जीप बाराशे रुपये. आईच्या डोळ्यांसाठी सोलापूरच्या सहा, दर फेरीला तीन हजार. एकूण चौतीस हजार आठशे. जुनी गाडी गावात ठेवली तर घसारा, इन्शुरन्स, दुरुस्ती आणि पेट्रोल मिळून वर्षाला पन्नास हजारांच्या पुढेच जाईल. म्हणजे पैशांचं गणित तिथेही जुळत नाहीच! पण एक्सेलच्या शीटमध्ये 'रात्रीचे अडीच' असा कॉलम नसतो. तो मी घातला, आणि सगळी बेरीज बदलली.

तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, मी चुकीचा प्रश्न विचारत होते. 'कुठली गाडी घ्यावी' हा प्रश्न नव्हताच. 'ती उभी कुठे राहणार' हा होता.

साडेतीनाचे दोन

पाच वर्षं शब्दांच्या हिशेबाने लेख विकून साडेतीन लाख साठवले होते. फ्रीलान्सरला कर्ज मागायची सोय नाही. सॅलरी स्लिप कुठंय, विचारल्यावर आपण छापून आलेले लेख थोडेच दाखवणार? शिवाय जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही नव्या गाडीपेक्षा जास्त बसतं.

आणि मग आला सप्टेंबर २०२५. बावीस तारखेला घटस्थापना, आणि त्याच दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पुण्यात शोरूमबाहेर गर्दी. त्याच दिवसांत आमच्या भूम-परंड्यात नद्यांनी पात्र सोडलं, माणसं बाहेर काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. एका हातात मोबाइलवर गाड्यांच्या नव्या किमती, दुसऱ्या हातात चुलतभावाने पाठवलेला आमच्या सोयाबीनचा फोटो. फोटोत सोयाबीन नव्हतंच, नुसतं पाणी.

दसऱ्याला घरी गेले तेव्हा पाणी उतरलं होतं, वास मात्र उतरला नव्हता. भिजलेला गहू, गाळ आणि ओल्या गोधड्या, असा एक मिळून वास. दीड एकराची वरची माती खरडून गेलेली. अण्णा काही मागत नाहीत, त्या दिवशीही मागितलं नाही. फक्त बांधावर उभं राहून म्हणाले, "गाळ टाकल्याशिवाय काय येत न्हाई आता इथं." पुण्यात परतल्यावर मी दीड लाख पाठवले. उरले दोन.

आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता गाडीचं."

मीही महिनाभर राहू दिलं. पण अडीचचा कॉलम काही डिलीट होईना.

पोहून आलेली गाडी

दिवाळीनंतर बाजारात उतरले. सोबतीला हडपसरला गॅरेज असलेले एक मामा, मूळचे कळंबचे. धाराशिवचा माणूस पुण्यात भेटला की तासाभरात नातं लागतंच. तसे हे मामा झाले.

पहिली गाडी बघितली आणि मी फ्लॅट! २०१७ ची, चकाचक, फक्त बेचाळीस हजार किलोमीटर, आणि भाव एक लाख नव्वद. एवढी स्वस्त कशी? "साहेब परदेशी चाललेत," विकणारा म्हणाला. आत मोगऱ्याचा परफ्यूम घमघमत होता. मी मनातल्या मनात तिला नावही ठेवून मोकळी झाले होते.

मामांनी इंजीनवर हात ठेवला. गरम. "आम्ही यायच्या आधीच सुरू करून ठेवली व्हय?" थंड इंजीन पहिल्या स्टार्टला सगळं खरं बोलतं म्हणे, म्हणून काही जण ते आधीच गरम करून ठेवतात. मग त्यांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला, अगदी टोकापर्यंत. एरवी आत गुंडाळलेला असतो त्या भागावर मातकट रेघ. डिकीतली स्टेपनी उचलली, खाली खड्ड्यात बारीक गाळ. सीटच्या रुळांना गंज. मग मला म्हणाले, "ताई, गालिचा उचला आणि वास घ्या."

घेतला. मोगऱ्याखाली तोच वास होता. दसऱ्याला आमच्या घरात होता तो.

"ही गाडी पोहून आलीय," मामा म्हणाले.

पुण्याला हे नवं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात कितीतरी गाड्या वाहून गेल्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं. बुडालेल्या गाड्या विमा कंपनीकडून लिलावात जातात आणि त्यातल्या काही पुसून, पॉलिश करून पुन्हा बाजारात येतात. वरून सगळं ठीक असतं, आत वायरिंग हळूहळू सडत असतं. अशी गाडी कधी बंद पडेल? बहुतेक रात्री अडीचला, बार्शीच्या रस्त्यावर.

काकांची फाईल

त्यानंतर सहा गाड्या बघितल्या. एकीचं मीटर तीस हजार दाखवत होतं, पण ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत. एकीच्या सगळ्या काचांवर एका वर्षाचा कोड आणि पुढची काच दोन वर्षं तरुण, म्हणजे कुठेतरी धडक. टायरवर शेवटचे चार आकडे असतात तेही आता मला वाचता येतात. १४१७ म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. पार्टीत सांगायला बरं पडतं!

सातवी गाडी सहकारनगरच्या एका निवृत्त काकांची. २०१४ ची वॅगन आर, अडुसष्ट हजार किलोमीटर, डाव्या बाजूला भरपूर ओरखडे. पेठेतल्या बोळांची सहीच म्हणा ना. परफ्यूम नाही, सीटकव्हर जुनाट. पण काकांनी कपाटातून फाईल काढली. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची बिलं, तारखेप्रमाणे! मामा पहिल्यांदा हसले.

कागदांचं मात्र काकांनीच मला शिकवलं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. चासी नंबर आणि इंजीन नंबर गाडीवर जाऊन स्वतः ताडून बघायचे. ई-चलन बाकी नाही ना, ते बघायचं. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. इन्शुरन्सही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा, नाहीतर उद्या गाडी ठोकली तर आपल्याच नुकसानीचा क्लेम अडतो. आणि नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसली तरी एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच भाव करायचा.

"आणि ट्रान्सफर लगेच करायची हं," काकांनी बजावलं. "सह्या करून ठेवल्यात, बघू नंतर, असलं चालणार नाही मला."

मला वाटलं, पुणेरी खाक्या. पण काका बरोबर होते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगून ठेवलंय, अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी पुढे चार हात फिरलेली का असेना. तेव्हा उद्या स्वतःची गाडी विकाल तेव्हा हे लक्षात ठेवा. नुसत्या किल्ल्या देऊन गाडी आपली राहायची थांबत नाही.

काकांनी एक लाख पंच्याण्णव सांगितले. जीएसटी उतरल्यावर नव्या छोट्या गाड्याच स्वस्त झाल्यात, हे मी नम्रपणे नजरेस आणून दिलं. एक पंचाहत्तरला सौदा ठरू शकत होता. खिशात टोकनही होतं. तरीही मी म्हटलं, "काका, उद्या सांगते." कारण एक फोन बाकी होता.

"अण्णा, गाडी मिळालीय. पण ती इकडं नाही, तुमच्याकडं राहणार. चालवायला शेजारी दादा आहे, ट्रॅक्टरबरोबर कारचंही लायसन आहे त्याच्याकडं."

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "एवढ्यात अजून अर्ध्या एकराला गाळ झाला असता."

"हो, झाला असता."

"बारा वर्षं जुनी गाडी. पंधरा झाली की पुन्हा पासिंग."

"हो अण्णा. २०२९ ला."

पुन्हा शांतता. मागून आईचा आवाज आला, "त्या पिकअपात कॅनला धरून मी बसले होते, तुमी न्हाई."

अण्णांनी फोन आईकडे दिला. आमच्याकडे होकार असाच देतात.

गाडी अण्णांच्या नावावर झाली. जिल्हा तोच राहिला, नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. गाडीचंही उलट तेच झालंय. मालक बदलला, गाव बदललं, नंबर मात्र एमएच १२ चाच. पारावर तिला 'पुण्याची गाडी' म्हणतात. मी तिकडे गेले की विचारतात, "ताई, तुमची गाडी कुठाय?"

मी एसटीने आलेली असते. अर्ध्या तिकिटात.