मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर; मग विमानाला दहा तास कशाला?

मोबाईलवर मुंबई-लंडन अंतर टाकलं की ७,२०० किलोमीटरच्या आसपास आकडा येतो. मोठं विमान ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातं. हिशेबाने आठ तास झाले. पण तिकिटावर जायला साडेनऊ-दहा तास, कधी त्याहून जास्त. अन् यायला तासभर कमी.

यायला कमी लागतं ते वाऱ्यामुळे. तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचं वारं असतं. लंडनहून येताना ते पाठीशी, जाताना तोंडावर. सायकल चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

खरा घोळ वाटेचा आहे. मोबाईल सांगतो ते सरळ रेषेचं अंतर. ती रेष सौराष्ट्र सोडला की पाकिस्तानवर जाते, मग इराण, जॉर्जिया, काळ्या समुद्राची कड, युक्रेन अन् जर्मनीवरून लंडन. आता बघा, युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांची वाट अडवली, ३० एप्रिलला आपण त्यांची. पुढं महिन्या-महिन्याने मुदत वाढतच गेली. जूनमध्ये इराण-इस्रायल जुंपली, तेव्हा इराणवरूनही जाता येईना. ओढ्यावरचा पूल वाहून गेला की तालुक्याला लांबून वळसा घालून जावं लागतं, तसंच हे. फक्त इथं वळशाला डिझेल नाही, विमानाचं इंधन जळतं.

मुंबईचं त्यातल्या त्यात बरं. अरबी समुद्रावरून ओमानकडे निघता येतं. दिल्लीच्या विमानाला आधी खाली गुजरातकडे यावं लागतं. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन विमान थांबवलं, त्याच्या कारणांत ही बंदीही होती.

२०१९ मध्येही बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी ते १६ जुलै वाट बंद होती. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटींचा फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. तेव्हा कंपनी सरकारी होती, म्हणजे पैसा तुमचा-आमचाच. जानेवारी २०२२ पासून ती टाटांची आहे. आता हा खर्च तिकिटातून अन् मालाच्या भाड्यातून निघणार, दुसरीकडून कुठून निघणार?

मालाचं आपल्याला जास्त लागतं. हापूस, भेंडी, मिरची प्रवासी विमानाच्या पोटातूनच लंडनला जाते. वाट लांबली की इंधन जास्त भरावं लागतं, अन् वजन हाताबाहेर जायला लागलं की आधी माल कमी होतो.

पण एक लक्षात ठेवा. पाकिस्तानची बंदी फक्त भारतीय विमानांना आहे, ब्रिटिश कंपनीच्या विमानाला नाही. त्यामुळे निर्यातदार 'पाकिस्तानमुळे भाडं वाढलंय' म्हणत भेंडीचा दर पाडायला लागला, तर माल कोणत्या कंपनीच्या विमानाने जातो ते आधी विचारा.